साहेबांची तब्येत

कायद्याच्या अभ्यासक्रमात ‘विद्यार्थ्याने वकिलाच्या ऑफिसात एक महिना काम करून दाखला आणावा’ हे ज्या कोणी घुसडलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. मी त्याला मारणार नाही. मारल्यावर कोणतं कलम लागतं ते आम्हाला दुसऱ्या वर्षालाच शिकवलंय. मी त्याला फक्त आमच्या सुरतेच्या लिंबायतमधल्या गल्लीत आणून बसवेन आणि समोरच्या धुडकूनानांना सांगेन, ‘‘नाना, यांना जरा सल्ला द्या.’’ पुढची शिक्षा नाना देतील.

सुरुवातच बघा. कॉलेजच्या खिडकीतला क्लार्क म्हणाला, ‘‘बेन, पहेला वकीलनो लेटर लई आवो.’’ म्हणजे या मुलीला आम्ही घेतो असं वकिलाने आधी लिहून द्यायचं, मग ही मुलगी आमचीच असं कॉलेज लिहून देणार. मी वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, आधी कॉलेजचं पत्र आणा, तुम्ही कोण, कुठल्या, आम्हाला काय माहीत? मी परत खिडकीवर. खिडकी म्हणाली, आधी वकील. आठवडाभर मी शटल रिक्षात तिघींच्या मध्ये चेपून कॉलेज ते कोर्ट, कोर्ट ते कॉलेज करत होते, आणि दोन्हीकडचे लोक माझ्याकडे असे बघत होते की जणू त्यांच्या घरात शिरून मीच काहीतरी मागतेय.

शेवटी बाबांनी त्यांच्या शेठला सांगितलं. बाबा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात रातपाळीचे मास्तर आहेत. शेठचा मेहुणा आणि वकील जयेंद्रभाई वखारिया एकाच गरब्याच्या मंडळात. एक फोन गेला आणि दोन्ही पत्रं एकाच दुपारी तयार! न्यायशास्त्राचं जाडजूड पुस्तक मी पाठ केलं होतं, पण त्यात हे प्रकरण कुठेच नव्हतं. याचा मला इतका राग आला की मी पेढेसुद्धा वाटले नाहीत. मायने वाटले.

आणि तिथेच घोटाळा झाला. पेढे खाल्ले की माणसाला सल्ला द्यायचा हक्क मिळतो.

धुडकूनाना वीस-एक वर्षांपूर्वी एका मारामारीत साक्षीदार म्हणून कोर्टात जाऊन आलेत. त्या दिवशी साक्ष झालीच नाही, पण तेव्हापासून ते गल्लीतले कोर्टाचे जाणकार आहेत. ते म्हणाले, ‘‘पोरी, कोर्टात माणूस बघत नाहीत, कोट बघतात. कापडाचं माझ्यावर सोड.’’ सुरतेत राहून कापड विकत घेणं हा आमच्यात कमीपणा समजतात. कुणाचा तरी भाचा कुठल्यातरी मार्केटात असतोच. नानांचा भाचा पर्वत पाटिया भागात कटपीसच्या दुकानात आहे. त्याच्याकडून काळं कापड आलं, मायने साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम दोन दिवस बाजूला ठेवून कोट शिवला, आणि मी तो घालून उन्हात आले तर मी चमकायला लागले. चमकायला म्हणजे शब्दशः. वळले की कोटावरून उजेडाची लाट जायची.

‘‘नाना, हे कापड कशाचं आहे?’’

‘‘काळं आहे ना? मग झालं.’’

नंतर कळलं, ते लग्नातल्या बँडवाल्यांसाठी विणलेलं होतं.

वखारियासाहेबांच्या ऑफिसात मी तो कोट हातावर घेऊनच गेले. ऑफिस कोर्टाजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये. आत साहेबांची केबिन, बाहेर टायपिंगला मनीषाबेन, आणि एक ज्युनियर वकील चेतनभाई, ज्यांना मी ऑफिसात कधी बसलेलं पाहिलं नाही. ते सतत एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात पळत असायचे आणि तिथे जाऊन एकच वाक्य बोलायचे, ‘‘साहेब, मुदत आपवा विनंती.’’ म्हणजे, पुढची तारीख द्या.

मला वाटलं होतं, साहेब विचारतील, कोणता विषय आवडतो? साहेबांनी विचारलं, ‘‘अक्षर कैसा है?’’ मी म्हटलं, चांगलं आहे. ‘‘और चित्र?’’

त्यांची मुलगी सहावीत होती. शाळेने तिला थर्माकोलची संसद बनवून आणायला सांगितली होती. माझा पहिला आठवडा संसदेत गेला. मी घुमट कापला, खांब चिकटवले, बाहेर हिरव्या भुशाची बाग केली. संविधानाशी त्या ऑफिसात माझा एवढाच संबंध आला. आणि त्या संसदेला शाळेने ‘बी’ दिला! साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सगळ्यांसमोर झापलं. ‘‘लॉ की स्टुडंट हो, पार्लमेंट का झंडा उलटा लगाया?’’ झेंडा त्यांच्या मुलीने लावला होता. मी बोलले नाही. दाखला हवा होता ना.

त्यानंतर मी साहेबांच्या मिसेसच्या साडीला फॉल लावून आणला, साहेबांच्या स्कूटरचं प्रदूषणाचं सर्टिफिकेट आणलं, साहेबांच्या आईच्या कवळीचं माप द्यायला त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. कवळीवाल्याने मला विचारलं, ‘‘सून का?’’ मी म्हटलं, ‘‘लॉ इंटर्न.’’ तो म्हणाला, ‘‘बरं, तोंड उघडा.’’

हे सगळं मी घरी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण रोज संध्याकाळी गल्लीतून येताना बायका विचारायच्या, ‘‘काय मग वकीलीणबाई, आज काय केलं?’’ आणि मी माझी इज्जत सांभाळत म्हणायचे, ‘‘आज एका जुन्या प्रकरणाचं माप घेतलं.’’ खोटं नव्हतं. कवळी जुनीच होती.

आमच्या शेजारी भागीरथी मावशींची खाणावळ आहे. रातपाळीहून सुटलेली पोरं सकाळी तिथे जेवतात आणि वरच्या माळ्यावर दिवसभर झोपतात. खानदेशातून, मराठवाड्यातून आलेली एकटी पोरं. मावशींचा माळा हेच त्यांचं घर. गेल्या वर्षी खाणावळीच्या भिंतीला लागून असलेली खोली महेश डीजेवाल्याने घेतली. तिथे तो त्याचे स्पीकर ठेवतो. नुसते ठेवले असते तर कुणाचं काय जात होतं? पण त्याला दुपारी ते तपासायचे असतात. ‘‘हॅलो, हॅलो, चेक,’’ आणि मग असा दणका, की मावशींच्या मांडणीवरची ताटं खाली. माळ्यावरची पोरं उठून बसतात. रात्री त्यांना लूमवर डुलकी लागते, आणि चालू लूमवर डुलकी म्हणजे काय, ते बोटं गमावलेल्याला विचारा. हळूहळू पोरं माळा सोडून लांब भेस्तानकडे राहायला जायला लागली. इकडे आमचे बाबाही रातपाळीचे. डोक्याला पंचा गुंडाळून, कानात कापूस घालून, उशी डोक्यावर घेऊन ते पडायचे आणि तरी लाल डोळ्यांनी कामाला जायचे.

मावशींनी कोर्टात दावा लावला होता, पण त्यांचे वकील मध्येच नवसारीला निघून गेले. ही बातमी मायला कळली. आणि मायने, माझ्या मायने, मला न विचारता सांगून टाकलं, ‘‘कशाला घाबरतेस वं भागीरथी? आपली गायत्री शे ना तठे! तिना साहेब इतला मोठा शे, की भिंतीले बोलका करस.’’

मी रातपाळीला जायच्या तयारीत असलेल्या बाबांसमोर मायशी कडाडून भांडले. उपयोग काय? दुसऱ्या दिवशी मावशी नवी साडी नेसून, डब्यात पुरणपोळ्या घेऊन ऑफिसात हजर. साहेबांनी पुरणपोळी खाल्ली आणि म्हणाले, ‘‘तमे चिंता ना करो, माजी. समझो केस जीती गया.’’

पहिल्या तारखेला चेतनभाईंनी मुदत मागितली. साहेबांना कागद वाचायचे होते. दुसऱ्या तारखेला चेतनभाईंनी मुदत मागितली. साहेब दुसऱ्या कोर्टात होते. दुसऱ्या कोर्टात साहेब नव्हते, ते मला माहीत होतं, कारण त्या वेळी मी त्यांना नेऊन दिलेला चष्मा लावून ते केबिनमध्ये क्रिकेट बघत होते.

मावशी दोन्ही वेळा खाणावळ बंद ठेवून कोर्टाच्या बाकावर दिवसभर बसल्या. गल्लीत माझ्याकडे बघायची नजर बदलली. आता कुणी वकीलीणबाई म्हणेना. धुडकूनाना दारातून ओरडायचे, ‘‘काय गं, मिळाली का तारीख?’’ जणू मी तारखा विकायला बसलेय! जेवताना बाबा एवढंच म्हणाले, ‘‘बेटा, तुना साहेब कोर्टमा कधी बोलस, का नुसता पोळ्या खास?’’ ते चिडून बोलले असते तर मीही चिडले असते. ते झोपेत बोलल्यासारखे बोलले.

तिसरी तारीख माझ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होती. मी आदल्या दिवशी साहेबांना तीनदा आठवण करून दिली. ‘‘आवुं छुं, आवुं छुं,’’ साहेब म्हणाले. सकाळी कोर्टाच्या आवारात मावशी, मी आणि समोर महेश डीजेवाला त्याच्या वकीलबाईंबरोबर. साहेबांचा पत्ता नाही. फोन लावला. मागे माणसांचा गलका, आणि कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं, ‘‘अरे, लींबु-मरीनी सेव लावो!’’

थंडीचे दिवस. सुरतेत थंडीत लिंबू-मिऱ्याची शेव कशाबरोबर खातात, हे शेंबडं पोरही सांगेल. साहेब कुणाच्या तरी वाडीवर पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, खायला गेले होते!

‘‘सर, आपली तारीख आहे.’’

‘‘चेतन दुसरी कोर्टमां छे. तू खडी हो जा. बोल, साहब की तबियत खराब है, मुदत दीजिए. बस, एक लाइन.’’

‘‘सर, मी वकील नाही. मी उभी राहू शकत नाही.’’

‘‘कोट है ना? खडी हो जा. सर्टिफिकेट चाहिए के नहीं?’’ आणि तोंडातला घास चावत त्यांनी फोन ठेवला.

मला तेव्हा ‘नाही’ म्हणता आलं असतं. आज हजारदा म्हणते. पण पुकारा झाला, मावशींनी माझा हात धरला, आणि मी तो कोट घालून आत गेले.

खिडकीतून ऊन थेट माझ्यावर पडलं. न्यायाधीश बाईंनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि गुजरातीत विचारलं, ‘‘तुम्ही डीजेवाल्यांच्या बाजूने का?’’

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला. महेश डीजेवाला तर टाळी द्यायला शेजारी शोधत होता.

‘‘नाही मॅडम. वादीकडून. वखारियासाहेबांची तब्येत...’’

‘‘तुमची सनद?’’

‘‘मी... विद्यार्थिनी आहे, मॅडम.’’

बाईंचा चेहरा बदलला. त्या शांतपणे बोलत होत्या, आणि तेच वाईट होतं. वकील नसताना वकील म्हणून उभं राहणं म्हणजे काय, हे कायदा शिकणाऱ्या मुलीला समजू नये? तुम्हाला कोणी पाठवलं? एवढ्यात चेतनभाई धापा टाकत दारातून आले. मला वाटलं, सुटले. बाईंनी त्यांना विचारलं, ‘‘ही तुमच्या ऑफिसची आहे का?’’

चेतनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्याच माझ्याकडे, जिने त्यांना रोज कटिंग चहा आणून दिला होता. आणि म्हणाले, ‘‘ना मॅडम. ए तो अमारी ऑफिसनी नथी. वखारियासाहेबनी तबियत सारी नथी, मुदत आपवा विनंती.’’

पुढचं मी ठरवून बोलले नाही. संसद, फॉल, कवळी, उलटा झेंडा, बाबांचे लाल डोळे, सगळं मिळून माझ्या तोंडून बोलायला लागलं.

‘‘मॅडम, साहेबांची तब्येत उत्तम आहे! साहेब वाडीवर पोंक खायला गेलेत! मी आत्ता फोनवर ऐकलं. मी उभी राहिले ही माझी चूक, मला काय ती शिक्षा करा. पण ही मावशी तिसऱ्यांदा चूल विझवून इथे येऊन बसलीय. तिला आज परत पाठवू नका!’’

मी हे अर्धं गुजरातीत, अर्धं हिंदीत आणि शेवटचं वाक्य सरळ मराठीत बोलले. कोर्टात कुणी हसलं नाही. समोरच्या वकीलबाईंनी तोंडावर फाईल धरली होती, त्यांचं माहीत नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मावशींना पुढे बोलावलं. काय त्रास आहे ते सांगा, म्हणाल्या. मावशींना हिंदी येतं, बाजारात त्या हिंदीत घासाघीस करतात. पण त्या दिवशी त्या इतक्या तापल्या होत्या, की तोंडातून आली ती घरची अहिराणीच.

‘‘मायबाई, हाऊ डीजे वाजस तव्हय मन्हा ताटा मांडणीवर उड्या मारतस. पोरं रातभर लूमवर उभा राहतस. दिनले नही झोपनात ते कव्हय झोपतीन? तूच सांग.’’

बाई माझ्याकडे वळल्या. ‘‘आता उभ्याच आहात, तर गुजरातीत सांगा.’’

मी सांगितलं. जाता जाता जगण्याच्या अधिकारावरचं एक वाक्य जोडायला गेले.

‘‘बाई जेवढं बोलल्या तेवढंच,’’ न्यायाधीश म्हणाल्या.

मुदत नामंजूर झाली. चेतनभाईंना हुकूम मिळाला, दुपारच्या सुट्टीनंतर तुम्हीच बोला. ते बाहेर येऊन पायरीवर बसले. बसलेले मी प्रथमच पाहिले. फाईल उघडत मला म्हणाले, ‘‘ए गायत्री, मॅटर शुं छे?’’ अजून तासही झाला नव्हता त्या माणसाने माझी ओळख नाकारून! मला फाईल त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण मावशी बघत होत्या. मी दात-ओठ खात त्यांना सगळं समजावलं: भिंत, माळा, पोरं, ताटं. आणि खरं सांगते, दुपारी ते बरे बोलले. कुणी बोलूच दिलं नसेल त्यांना इतकी वर्षं. निकाल लागेपर्यंत त्या खोलीत स्पीकर वाजवायला मनाई झाली. आणि वखारियासाहेबांनी पुढच्या तारखेला आपल्या तब्येतीचा लेखी खुलासा करावा, असंही बाईंनी सांगितलं. मला त्यांनी जाताना एवढंच म्हटलं, ‘‘सनद मिळाल्यावर या. आणि कोट बदला.’’

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. मनीषाबेन माझ्याशी डोळे मिळवेनात. साहेबांच्या टेबलावर माझा दाखला टाईप होऊन पडला होता. ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक’ असं लिहिलेलं, खाली सही, शिक्का. शेजारी एक कोरा कागद.

साहेब आज गोड होते. ‘‘बेठ, बेटा. देख, तू छोटी है, गलती हो जाती है. इस पर लिख दे, कि पोंक की बात मैंने गुस्से में ऐसे ही बोल दी. साहब सच में बीमार थे. फिर ये तेरा.’’ आणि त्यांनी दाखला बोटाने माझ्याकडे सरकवला.

त्या दाखल्यावर माझं वर्ष अडकलेलं होतं. मी तो वाचला. ‘प्रामाणिक’ हा शब्द दोनदा वाचला.

‘‘सर, यात प्रामाणिक लिहिलंय.’’

‘‘हां, तो?’’

‘‘मग कोऱ्या कागदावर मी काय लिहू?’’

साहेबांचा गोडवा गेला. आवाज चढला. तुझ्या बापाच्या शेठला सांगतो, सुरतेत कुठल्या ऑफिसात उभी राहतेस बघतो, मी तुला घेतलं हे उपकार केले. मी उठले. मी म्हटलं, ‘‘सर, तुमच्या मुलीला सांगा, झेंडा तिने उलटा लावला होता. मी तुमच्यासाठी गप्प बसले. आता नाही बसणार.’’ हे म्हणजे फार मोठं काही बोलले असं नाही. रस्त्यावर आल्यावर त्याहून चांगली दहा वाक्यं सुचली. पण तेव्हा परत वर जाणं बरं दिसलं नसतं.

कॉलेजच्या खिडकीने सांगितलं, दाखला नाही म्हणजे महिना झालाच नाही. उन्हाळ्यात पुन्हा करा. आधी वकिलाचं पत्र लई आवो. शेठने बाबांना बोलावून विचारलं, पोरीने हे काय केलं? बाबा म्हणाले, ‘‘खरं बोलनी.’’ शेठने विषय तिथेच सोडला; रातपाळीला बाबांसारखा मास्तर त्यांना दुसरा मिळणार नव्हता. मावशींनी वकील बदलला. महेश डीजेवाला मला रस्त्यात बघून मुद्दाम स्कूटरचा हॉर्न वाजवतो. हॉर्नवर मनाई नाही.

काल दुपारी मी दारात बसून कपाळाला हात लावून विचार करत होते, की उन्हाळ्यात आता कोणत्या वकिलाची पायरी चढायची. धुडकूनाना तरातरा आले. चेहरा लाल.

‘‘काय गं ए! महेशचं बंद केलंस, आता हे कोण बंद करणार?’’

‘‘काय झालं नाना?’’

‘‘ऐक जरा!’’

मी ऐकलं. आतून बाबांचं घोरणं येत होतं. इतक्या महिन्यांचं साठलेलं, चढउतार असलेलं, मध्येच थांबून दुप्पट जोराने सुरू होणारं घोरणं. पत्रा थरथरत होता.

‘‘माझा दुपारचा डोळा लागत नाही याच्याने,’’ नाना म्हणाले. ‘‘याच्यावर मनाई हुकूम मिळतो का?’’

नानांना काय काय बोलायचं ते सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. कोट, बँडवाले, तारखा, सगळं. मी उठले, आत गेले. दार त्यांच्या तोंडावर धाडकन आपटावं असं फार फार वाटलं.

पण बाबा झोपले होते. मी हळूच लावलं.